छोट्या पेट्रोल इंजिनाची ठिणगी : सीमाभागातील शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांत आता बहुतेक वाड्यावस्त्यांवर एखादे तरी छोटे पेट्रोल इंजिन सापडते. मृग तोंडावर आला की ही यंत्रे अडगळीतून बाहेर निघतात आणि त्यांतली बरीचशी दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाहीत. मग ‘कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारा तारेच्या वेढ्यांचा भाग) गेली’ असे निदान होते, नवी कॉइल विकत आणली जाते आणि पुष्कळदा इंजिन तरीही सुरू होत नाही, कारण दोष कॉइलमध्ये नव्हताच. म्हणून पुढील उत्तरे एका ठरावीक क्रमाने दिली आहेत : ज्या भागाला पैसे लागत नाहीत तो आधी तपासावा, आणि कॉइलवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

ही माहिती कोणत्या इंजिनांना लागू पडते?

ज्या इंजिनाला स्पार्क प्लग आहे, त्या प्रत्येक छोट्या इंजिनाला ही माहिती लागू पडते. गवत कापण्याचा ब्रश कटर, पाठीवर घेऊन औषध मारण्याचा पॉवर स्प्रेअर, झाडे तोडण्याची चेन सॉ, कोळपणीचा पॉवर वीडर, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा पाण्याचा पंप आणि लग्नकार्यात किंवा दुकानात वापरला जाणारा लहान जनरेटर ही सर्व यंत्रे यात येतात.

डिझेल इंजिन यात येत नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे प्लग नसतो आणि ठिणगीही नसते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्या भागात ‘इंजिन’ म्हटले की विहिरीवरचे जुने डिझेल इंजिनच लोकांच्या डोळ्यांसमोर येते. अशी इंजिने बनवणाऱ्या किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच, त्यामुळे त्या नावाशी आपला जुना घरोबा आहे. पण त्या डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचे ज्ञान ब्रश कटरच्या ठिणगीसाठी फारसे उपयोगी पडत नाही.

बॅटरी नसताना ठिणगी येते कुठून?

फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरील जड चाकाच्या, कडेत एक चुंबक बसवलेला असतो. दोरी ओढल्यावर फ्लायव्हील फिरते आणि तो चुंबक कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून झपकन निघून जातो. त्यामुळे कॉइलमधील जाड तारेच्या थोड्या वेढ्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह भरात असतानाच तो एकदम तोडला जातो. जुन्या इंजिनांत हे काम पॉइंट (उघडझाप करणारे धातूचे दोन संपर्क) करतात आणि नव्या इंजिनांत कॉइलच्याच आत बसवलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. धावत्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपला जसा जोराचा दणका बसतो, तसाच दणका येथे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत उमटतो आणि त्यातून दहा हजार व्होल्टहून अधिक दाब तयार होतो. हा दाब प्लगच्या टोकाची फट ओलांडतो, तीच ठिणगी.

बॉश कंपनीने प्लगसाठी उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाने ठिणगीची वीज तयार करणारी ही मांडणी, १९०२ मध्ये तयार केला. फिरता चुंबक, दोन वेढ्यांची कॉइल आणि प्रवाह तोडण्याची युक्ती ही मूळ मांडणी आजच्या ब्रश कटरमध्येही तीच आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किटमुळे झिजणारा एक भाग कमी झाला, एवढाच फरक.

इंजिन सुरू होत नाही, तेव्हा दोष ठिणगीचा की पेट्रोलचा, हे कसे ओळखावे?

सहा-सात वेळा चोक लावून दोरी ओढावी आणि लगेच प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक पेट्रोलने ओले असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोचते आहे आणि पेटत मात्र नाही. अशा वेळी ठिणगी तपासावी. टोक अगदी कोरडे असेल, तर बहुधा पेट्रोलच येत नाही आणि कार्बोरेटर, गाळणी, टाकीतली नळी यांकडे पाहावे लागते.

या परीक्षेला एक अपवाद आहे. पेट्रोलमध्ये पाणी गेले असेल, तर प्लग ओला दिसतो, ठिणगीही पडते, पण इंजिन सुरू होत नाही. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हवेतला ओलावा सहज शिरतो, त्यामुळे दिवाळीनंतर टाकीत राहिलेले पेट्रोल जूनमध्ये वापरू नये.

ठिणगी तपासण्याची सुरक्षित रीत कोणती?

प्लग काढावा, त्याला प्लगची टोपी पुन्हा लावावी आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या जागेला घट्ट टेकवावा. रंगावर टेकवला तर अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीशी विजेची जोड) नीट मिळत नाही आणि चांगली कॉइलसुद्धा मेलेली वाटते. प्लग हाताने धरू नये. रबरी मुठीच्या पकडीने धरावा किंवा वायरने बांधावा. सावलीत दोरी जोरात ओढावी आणि टोकाकडे पाहावे. निळसर, जाड आणि ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी चांगली समजावी. पिवळट, बारीक किंवा मधूनच चुकणारी ठिणगी कमकुवत असते.

येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली म्हणजे प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर उडते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब पाडावी, टाकीचे झाकण बंद असावे आणि जवळ सांडलेले पेट्रोल नसावे. दुसरी गोष्ट दोरीच्या वेगाची आहे. अनेक इलेक्ट्रॉनिक कॉइलना मिनिटाला सुमारे ३०० ते ३५० फेऱ्यांचा वेग मिळाल्याशिवाय ठिणगी पडतच नाही, त्यामुळे फ्लायव्हील हाताने हळू फिरवून ‘करंट नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सगळे ठीक आहे, असेही मानू नये. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी जाण्यासाठी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून चार-पाच मिलिमीटर फट असलेला स्पार्क टेस्टर वापरणे अधिक योग्य ठरते. एवढी फट ओलांडणारी ठिणगी आतही पडण्याची खात्री बऱ्यापैकी देता येते.

प्लग पाहून काय समजते?

प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर ज्वलन व्यवस्थित आहे. कोरडी, मऊ काजळी असेल, तर चोक जास्त वेळ राहिला किंवा एअर फिल्टर धुळीने भरला आहे. तेलकट काळा थर असेल, तर टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणाऱ्या) इंजिनात ऑईलचे प्रमाण जास्त पडले आहे आणि फोर-स्ट्रोक (ऑईल वेगळे असणाऱ्या) इंजिनात बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. काजळी वीज वाहून नेते. ती पांढऱ्या चिनी मातीवर चढली की व्होल्ट फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरळ बॉडीत उतरतात, आणि नवी कॉइल घातली तरी हा दोष जात नाही.

प्लग ब्रशने आणि पेट्रोलने साफ करावा. वाळूच्या फवाऱ्याने साफ केला तर वाळूचे कण आत अडकून पुढे सिलिंडरमध्ये पडतात, म्हणून छोट्या इंजिनाच्या प्लगसाठी ती रीत टाळावी. चिनी मातीवर केसाएवढी जरी तडा दिसली, तरी प्लग टाकून द्यावा.

प्लगची फट किती असावी, आणि कोणताही प्लग चालतो का?

आपल्याकडील फोर-स्ट्रोक पंप आणि जनरेटर इंजिनांना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर फट लागते. टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि चेन सॉ यांना ०.५ ते ०.७ मिलिमीटर लागते. नक्की आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रामार्फत अनुदानावर घेतलेल्या यंत्राची पुस्तिका अनेकदा कानडीत किंवा इंग्रजीत असते, परंतु शेवटच्या पानांवरील तक्त्यात ‘मिमी’चे आकडे आणि शेजारी प्लगचे चित्र असते; तेवढे पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले तरी पुरते.

कोणताही प्लग मात्र चालत नाही. बहुतेक प्लगचा आटा १४ मिलिमीटरचा असतो, काही अगदी लहान फोर-स्ट्रोक इंजिनांचा १० मिलिमीटरचा असतो. शिवाय आट्याची लांबीही वेगवेगळी असते. आखूड आट्याच्या जागी लांब आट्याचा प्लग बसवला, तर तो पिस्टनवर आदळू शकतो. प्लगवरील अंकावरून तो किती उष्णता सोडतो ते समजते, पण येथे कंपन्यांची पद्धत उलटसुलट आहे : एनजीकेमध्ये मोठा अंक म्हणजे थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग, तर बॉश आणि चँपियन यांच्यात मोठा अंक म्हणजे गरम प्लग. म्हणून एका कंपनीचा अंक दुसऱ्या कंपनीला लावू नये. दुकानात जोडतक्ता, म्हणजे एका कंपनीच्या प्लगला दुसऱ्या कंपनीचा कोणता प्लग जुळतो तो तक्ता, मागावा. जुने मिस्त्री अजूनही ‘मायकोचा प्लग द्या’ म्हणतात. बेंगळुरूच्या मायको कंपनीचेच नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले आहे, तेव्हा दुकानदाराने बॉशचा प्लग दिला तर तो फसवत नाही.

प्लग बसवताना आधी बोटांनीच पूर्ण फिरवावा, नंतर पाना लावावा. नवा प्लग टेकल्यावर अर्धा फेरा आणि जुना प्लग पाव फेऱ्याच्या आत, एवढे पुरेसे आहे. ॲल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत. ते गेले की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर नेऊन आट्याची नवी बुश बसवून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

प्लग नवा आहे, तरीही ठिणगी अजिबात नाही. आता काय पाहावे?

आता स्टॉप स्विचची वायर पाहावी. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी परीक्षा हीच आहे आणि नेमकी हीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

मॅग्नेटोवर चालणारे इंजिन बंद करण्याची रीत घरातल्या दिव्याच्या उलट असते. दिवा बंद करताना वीज तोडली जाते. येथे स्विच दाबल्यावर कॉइलमधून निघालेली एक बारीक वायर इंजिनाच्या बॉडीला जोडली जाते, कॉइलचा प्रवाह तेथेच मुरतो आणि ठिणगी पडत नाही. याचा अर्थ असा की ही वायर कुठेही सोलली जाऊन बॉडीला लागली, तर स्विच ‘चालू’वर असला तरी इंजिनाच्या दृष्टीने तो कायम ‘बंद’च असतो.

ही वायर सोलली जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ब्रश कटरमध्ये ती हँडलच्या नळीतून येते आणि नळीच्या तोंडाशी थरथरीने घासते. पॉवर स्प्रेअरमध्ये ती टाकीच्या खालून जाते, जेथे औषध ठिबकून तिचे आवरण कडक होते आणि फुटते. गोठ्यात किंवा भाताच्या कणगीजवळ ठेवलेल्या यंत्राची वायर उंदीर कुरतडतात. अशी कुरतडलेली वायर नीट पाहिली तर आवरण एकाच बाजूने दातेरी झालेले असते आणि तांब्याच्या दोन-तीन बारीक तारा बाहेर येऊन पत्र्याला टेकलेल्या असतात. दुरून वायर शाबूत दिसते. स्विचच्या आतही ओल शिरून हिरवट गंज धरतो आणि स्विच कायमचा जोडलेला राहतो.

परीक्षा अशी करावी. फ्लायव्हीलचे आवरण काढावे, कॉइलवरच्या छोट्या पिनमधून स्टॉप वायर उपसून बाजूला ठेवावी, ती कशालाही लागू देऊ नये आणि पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी आली, तर कॉइल चांगली आहे आणि दोष वायरमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. तरीही आली नाही, तर पुढे जावे. लक्षात ठेवावे की वायर काढलेली असताना इंजिन सुरू झाले तर ते स्विचने बंद होणार नाही, म्हणून ही परीक्षा प्लग बाहेर ठेवूनच करावी.

एक ताकीद येथेच देणे आवश्यक आहे. ‘करंट देऊन बघू’ म्हणून या पिनला बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर कधीही लावू नये. इलेक्ट्रॉनिक कॉइल त्यामुळे जळू शकते, आणि मग ‘कॉइल गेली’ हे निदान खरे ठरते.

नदीकाठी लावलेला पंप अधूनमधून आपोआप बंद पडतो. घरी आणला की व्यवस्थित चालतो. असे का?

मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयाच्या उतरत्या काठावर पंप तिरका ठेवलेला असतो, हे त्याचे बहुधा कारण आहे. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑईल कमी झाले की इंजिन बंद करणारी कळ असते. ऑईलमध्ये तरंगणारा तिचा गोळा खाली गेला की ती कॉइलला अर्थ करते, म्हणजे स्टॉप स्विचचेच काम करते. इंजिन तिरके असले की ऑईल एका बाजूला जाते आणि पुरेसे ऑईल असूनही कळ दाबली जाते. आधी इंजिन सपाट जागेवर ठेवून पातळी पाहावी. पाच-साडेपाच अश्वशक्तीच्या सामान्य पंप इंजिनात सुमारे ०.६ लिटर ऑईल बसते, म्हणजे थोडेसे कमी झाले तरी फरक पडतो. काठावर दगडमाती रचून सपाट ओटा करून घ्यावा.

कळीची वायर कायमची काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तपासणीपुरती वायर सुटी करणे योग्य आहे. कायमची काढली, तर ऑईल संपल्याचे समजते ते कनेक्टिंग रॉड तुटल्यावर.

कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातील अंतर किती ठेवावे?

बहुतेक छोट्या इंजिनांत हे अंतर ०.२५ ते ०.४ मिलिमीटर असते. फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) असल्यास उत्तम. नसल्यास साध्या जाडीचे व्हिजिटिंग कार्ड चालते. कॉइलचे दोन्ही स्क्रू ढिले करावेत, चुंबक कॉइलच्या पायांसमोर आणावा, मध्ये कार्ड सरकवावे, चुंबक कॉइलला आपोआप ओढून घेईल; त्याच स्थितीत स्क्रू आवळावेत आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड काढून घ्यावे. नंतर पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना, हे ऐकावे.

अंतर वाढले तर ठिणगी कमजोर होते आणि इंजिन सुरू करताना त्रास देते. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, जेथे पावसाळाभर घरातल्या लोखंडालाही बुरशीसारखा गंज येतो, तेथे चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंजाचा थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढून मगच अंतर लावावे. याच वेळी फ्लायव्हीलच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीने केलेली मातीची घरटी दिसली तर तीही काढावीत, कारण त्यांनी थंड हवेची वाट बंद होते आणि कॉइल तापते.

मल्टिमीटरने कॉइल तपासता येते का?

काही प्रमाणात येते. प्लगची टोपी फिरवून काढावी आणि जाड वायरचे टोक व कॉइलचे लोखंड यांच्यातील रोध (रेझिस्टन्स) मोजावा. बहुतेक कॉइलमध्ये तो काही हजार ओहम भरतो. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर बारीक तार आतून तुटलेली असण्याचा संभव मोठा आहे. टोपीमध्ये स्वतःचा सुमारे ५ हजार ओहमचा रोध असू शकतो, म्हणून टोपी लावून आणि काढून अशी दोन मोजमापे घ्यावीत. टोपीच खराब असेल तर तेवढ्यावर काम भागते.

पॉइंटवाल्या जुन्या कॉइलचा जाड तारेचा रोध जेमतेम एक ओहमच्या आसपास असतो. इलेक्ट्रॉनिक कॉइलमध्ये मात्र मध्ये ट्रान्झिस्टर असल्यामुळे स्टॉप पिनवरच्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही, आणि मीटर ‘चांगली’ म्हणत असतानाही कॉइल निकामी असू शकते. शेवटचा निर्णय ठिणगीवरच घ्यावा.

इंजिन अर्धा तास चालते, मग बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. दोष कशात आहे?

दोन शक्यता आहेत. कॉइलमधील बारीक तारेला तडा असेल, तर गरम झाल्यावर ती फाकते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. दुसरी शक्यता टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्याची असते. पेट्रोल खाली येणे थांबते आणि थोड्या वेळाने हवा शिरली की पुन्हा सुरू होते. इंजिन बंद पडताच आधी टाकीचे झाकण उघडून दोरी ओढावी. सुरू झाले तर कॉइल निर्दोष. न झाल्यास प्लग काढून इंजिन गरम असतानाच ठिणगी पाहावी, कारण पंधरा मिनिटांनी पाहिली तर ती पडणारच. गॅरेजपर्यंत नेईपर्यंत यंत्र थंड होते आणि तेथे दोष सापडत नाही, ही नेहमीची तक्रार याच प्रकारातली आहे.

जुन्या इंजिनाला पॉइंट आणि कंडेन्सर आहेत. त्यांचे काय करावे?

पॉइंटची फट पूर्ण उघडलेल्या स्थितीत साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवावी. पृष्ठभाग काळा पडला असेल तर बारीक कानसेने घासून, नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कागदाची पट्टी मध्ये घालून ओढावी. बोटाचे तेल लागले तरी पॉइंट लवकर जळतो. पॉइंट वारंवार जळत असतील आणि त्यांच्यात मोठी निळी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी शोषून घेणारा छोटा भाग) बदलावा. तो स्वस्त असतो, म्हणून पॉइंट बदलताना दोन्ही एकत्रच बदलणे श्रेयस्कर. पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही बाजारात मिळते. ज्याचे पॉइंट फ्लायव्हीलखाली आहेत अशा इंजिनाला ते लावून घेणे फायद्याचे ठरते.

ठिणगी चांगली आहे, पेट्रोल येते, पण दोरी हातातून हिसकली जाते किंवा कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. हे काय आहे?

ठिणगी चुकीच्या वेळी पडते आहे. फ्लायव्हील शाफ्टवर नेमके बसावे म्हणून एक छोटी चावी (की), म्हणजे खाचेत बसणारा धातूचा तुकडा, असते. फ्लायव्हीलचा नट ढिला राहिला किंवा वीडरचे पाते दगडात एकदम अडकले, तर ही चावी अर्धवट कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकते आणि पिस्टन वर येण्याच्या फार आधी किंवा फार नंतर ठिणगी पडते. चावीचा एक मिलिमीटर सरकलेला भागही इंजिन बंद ठेवायला पुरेसा असतो.

फ्लायव्हील पुलरनेच (ते ओढून काढण्याच्या खास हत्याराने) काढावे. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नये. अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत चावी फ्लायव्हीलच्याच ओतीव भागाला जोडलेली असते, तेव्हा ती तुटली तर फ्लायव्हीलच बदलावे लागते. चावीच्या जागी खिळा किंवा पोलादाचा तुकडा ठोकू नये. चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. ती कापली जाते म्हणून शाफ्ट वाचतो. बसवताना नट पुस्तिकेतील टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावा. सामान्य पाच-साडेपाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तो ७५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे साध्या लहान पान्याने हातभर ओढून ते काम होत नाही.

रॉकेलवर चालणाऱ्या पंपाचा प्लग सारखा का काळा पडतो?

इंजिन पुरेसे तापण्याआधी रॉकेलवर टाकले किंवा रॉकेलवर असतानाच बंद केले, तर असे होते. पेट्रोलवर सुरू करून इंजिन चांगले गरम होऊ द्यावे, मगच कॉक फिरवावा. बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणावे, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहते आणि दुसऱ्या दिवशी प्लग ओला होऊन अडत नाही.

पावसात भिजल्यावर ठिणगी जाते. कायमचा उपाय काय?

ओलावा बहुधा प्लगच्या टोपीत आणि जाड वायरच्या तडांमध्ये जातो. अंधारात इंजिन चालू असताना वायरवर निळसर चमक फिरताना दिसली, तर वायर बदलावी. टोपीच्या आतील रबर कडक झाले असेल तर टोपी बदलावी आणि बसवताना आत थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. गाडी धुण्याच्या पंपाने फ्लायव्हीलच्या जाळीवर पाण्याचा फवारा मारू नये.

सेल्फ स्टार्टरची बॅटरी उतरली आहे. ठिणगी पडेल का?

पडेल. बहुतेक छोट्या इंजिनांत बॅटरी फक्त स्टार्टर मोटर फिरवते. ठिणगीचा आणि तिचा संबंध नसतो. दोरीने सुरू करावे.

स्विच दाबला तरी इंजिन बंद होत नाही. काय करावे?

चोक पूर्ण लावावा किंवा पेट्रोलचा कॉक बंद करून वाट पाहावी. प्लगची टोपी हाताने ओढू नये. स्टॉप वायर तुटली आहे किंवा स्विचचा अर्थ सुटला आहे. ही दुरुस्ती होईपर्यंत ब्रश कटर वापरू नये, कारण पाते अडकल्यावर ते थांबवण्याचे साधन हाताशी राहत नाही.

सर्व तपासण्या झाल्या आणि कॉइलच खराब निघाली. नवी घेताना काय पाहावे?

जुनी कॉइल काढून सोबत न्यावी. निपाणी भागातले लोक कोल्हापूरला जातात, खानापूरचे बेळगावला. कोठेही गेलात तरी केवळ यंत्राचे नाव सांगून कॉइल घेऊ नये, कारण एकाच नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कॉइल आल्या आहेत. दोन स्क्रूंच्या भोकांमधील अंतर, पायांची वक्रता, जाड वायर निघण्याची बाजू आणि स्टॉप पिनचा प्रकार या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कॉइल उलटी बसू शकत असेल, तर जुनी काढण्याआधी वरच्या बाजूला खडूने खूण करावी. बसवल्यावर अंतर पुन्हा लावावे, स्टॉप वायर सुटी ठेवून पहिली ठिणगी पाहावी, नंतर वायर जोडून दुसरी पाहावी. पहिल्यात ठिणगी आली आणि दुसऱ्यात गेली, तर जुनी कॉइल फेकून देऊ नये.